नवसागर, पाणी आणि जूलचा हिशेब: साध्या पेल्यात द्रावण उष्मा कसा मोजायचा

नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पाण्यात टाकून ढवळला की पाणी गार पडतं. दहावीला ही प्रक्रिया 'उष्माग्राही' म्हणून शिकवतात. पुढे बारावीच्या प्रयोगशाळेत तोच प्रकार परत समोर येतो, पण आता विचारतात की एक मोल क्षार विरघळताना नेमकी किती उष्णता शोषली गेली. उत्तर चुकतं ते बहुधा इथे. गुणाकार-भागाकार बरोबर असतात, पण उष्णता कुठून आली आणि कुठे गेली याचा हिशेब अर्धवट राहिलेला असतो. क्षार विरघळण्यातली उष्णता मुळात थोडी असते, त्यामुळे दोनशे-तीनशे जूल इकडेतिकडे झाले तरी उत्तर लगेच सात ते दहा टक्क्यांनी हलतं.

विरघळताना तापमान का बदलतं

मिठाच्या स्फटिकातले सोडियम आणि क्लोराइड आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. एक मोल मीठ पूर्ण सुटं करायला साधारण ७८७ किलोजूल लागतात. हे सुटे आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले की ७८३ किलोजूलच्या आसपास परत मिळतात. तूट उरते ती जेमतेम चार किलोजूलची, आणि ती पाण्यातून भरून निघते. दोन प्रचंड आकड्यांमधला हा बारीकसा फरक म्हणजे द्रावण उष्मा. कुठल्या क्षाराने पाणी गार होईल आणि कुठल्याने गरम, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही ते याचमुळे.

सामान

जगभरच्या शाळांत या प्रयोगाला थर्माकोलचा कॉफीचा पेला वापरतात. महाराष्ट्रात थर्माकोलच्या पेल्या-ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. चहाचे २०० ते २५० मिलीचे दोन कागदी पेले एकात एक घाला. ते ४०० मिलीच्या चंचुपात्रात किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा आणि मधल्या फटीत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे गच्च भरा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल घरात पडून असेल तर तो कापून भोवती लावला की आणखी चांगलं. झाकण हवंच. श्रीखंडाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण घेऊन त्याला तापमापीसाठी एक आणि ढवळायच्या काचकांडीसाठी एक अशी दोन भोकं पाडा. आइस्क्रीमची लाकडी काडी पाणी पिते, ती टाळा. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मगही चालेल. त्याचं स्टील स्वतः थोडी उष्णता खातं, पण ती मोजता येते.

शाळेतला तांब्याचा कॅलरीमापी मात्र नवसागरासाठी वापरू नका. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर फिरवतो तो तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड काढण्यासाठी. पाण्यात विरघळलेला नवसागरही तांब्याला तसाच छळतो. पाणी निळसर दिसलं तर समजा, भांडं विरघळायला लागलं आहे.

तापमापी ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा हवा. ताप मोजायचा तापमापी इथे उपयोगाचा नाही. त्याची मोजणी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते आणि पारा चढला की तिथेच अडकून बसतो. आपल्याला फक्त तापमानातला फरक हवा आहे, म्हणून तापमापी सगळीकडे अर्धा अंश जास्त दाखवत असला तरी एकाच तापमापीने मोजताना बिघडत नाही.

वजनकाटा ०.१ ग्रॅमचा घ्या, ०.०१ चा मिळाला तर उत्तम. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमचा काटा पाण्याला ठीक आहे, पण १० ग्रॅम क्षारात त्याची अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे थेट पाच टक्के गेले.

नवसागर मरीन लाइन्सजवळ प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानात प्रयोगशाळेच्या प्रतीचा मिळतो. बाजारातला ढेकळाचा नवसागर चिवट असतो, खलबत्त्यात नीट कुटावा लागतो. तो खलबत्ता पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

काय वापरायचं नाही तेही सांगायला हवं. अमोनियम नायट्रेट सर्वात गार करतं म्हणून पुस्तकांत त्याचं नाव येतं, पण २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांनुसार ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच. सोडियम हायड्रॉक्साइड घरी अजिबात नको. त्याचा कण डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. नवसागर हाताळतानाही चष्मा लावा.

आधी पेल्याचा स्थिरांक काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पेल्याची आतली भिंत, काचकांडी आणि तापमापीचं बुड हेही पाण्याबरोबर गरम-गार होतात, आणि त्यांच्या वाटची उष्णता हिशेबात धरावीच लागते.

पेल्यात ५०.० ग्रॅम साधं पाणी घ्या. दुसऱ्या पेल्यात सुमारे ६० अंशांचं ५०.० ग्रॅम पाणी घ्या. दोन्ही वजन करूनच घ्या. ६० अंशांना पाण्याची घनता ०.९८३ असते, म्हणून मोजपात्रातले ५० मिली गरम पाणी प्रत्यक्षात ४९.२ ग्रॅमच भरतं. दोन तापमापी वापरणार असाल तर आधी दोन्ही एकाच पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवा. गरम पाण्याचं तापमान ओतण्याच्या अगदी आधी वाचा, मग ओता, झाकण लावा, ढवळा आणि स्थिरावलेलं तापमान घ्या.

समजा थंड पाणी २८.० ला होतं, गरम ६०.० ला, आणि मिश्रण ४३.३ ला आलं. पेल्याने काहीच घेतलं नसतं तर ४४.० यायला हवं होतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ जूल लागतात, म्हणून गरम पाण्याने गमावले ५० × ४.१८ × १६.७ = ३४९० जूल. थंड पाण्याला मिळाले ५० × ४.१८ × १५.३ = ३१९८. मधले २९२ जूल पेल्याने घेतले आणि तो १५.३ अंशांनी तापला. म्हणजे पेल्याचा स्थिरांक दर अंशाला १९ जूल.

हे तीनदा करून सरासरी घ्या. आकडे १० ते ३० च्या दरम्यान हेलकावे खातील, त्याने गांगरू नका. उत्तर ऋण आलं तर गरम पाण्याचं तापमान उशिरा वाचलं गेलंय किंवा वजनात गडबड झालीय.

प्रत्यक्ष मोजणी

१०.७ ग्रॅम नवसागर वजन करून घ्या. नवसागराच्या एका मोलचं वस्तुमान ५३.५ ग्रॅम, म्हणजे हे ०.२ मोल झाले. बारीक पूड झालेली असावी. कागदाच्या घडीत घेऊन तासभर आधी खोलीत झाकून ठेवा. एसीच्या खोलीतून बाटली आणून लगेच वापरली आणि क्षार पाच अंशांनी गार असला तर सुमारे ८५ जूलचा घोटाळा तिथेच होतो.

पाणी १०० ग्रॅम. नळाचं चालेल, मुंबईचं तलावांचं पाणी पुरेसं मृदू आहे. मात्र गच्चीवरच्या टाकीतून एप्रिलच्या दुपारी येणारं पाणी तापलेलं असतं, ते लगेच वापरू नका. पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने पाण्याचं बाष्पीभवन होत राहतं, आणि ते गारवणं क्षाराच्या नावावर लिहिलं जातं.

आता घड्याळ लावा. दर अर्ध्या मिनिटाने तापमान लिहा: ०, अर्धं, एक, असं साडेतीन मिनिटांपर्यंत. चौथ्या मिनिटाला वाचू नका. त्याच क्षणी झाकण उचलून सगळा क्षार एकदम ओता, झाकण लावा आणि सारख्या वेगाने ढवळत राहा. साडेचारपासून पुन्हा दर अर्ध्या मिनिटाला वाचन, बाराव्या मिनिटापर्यंत. बारावं मिनिट आलं की झाकण काढून तळ बघा. खाली कण दिसले तर ते वाचन टाकून द्या आणि पुन्हा करा. न विरघळलेल्या क्षाराने उष्णता घेतलेलीच नसते, पण मोलच्या हिशेबात तो धरला जातो.

तापमान-वेळ आलेख काढा. क्षार टाकण्यापूर्वीचे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतील. नंतर तापमान झपकन खाली जाईल आणि मग हळूहळू वर चढायला लागेल, कारण गार झालेलं द्रावण खोलीतून उष्णता घेतंय. ही चढती रेषा मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. आधीची रेषाही पुढे चौथ्या मिनिटापर्यंत न्या. चौथ्या मिनिटाच्या उभ्या रेषेवर या दोघींमध्ये जे अंतर पडतं, तोच खरा तापमानबदल. क्षार क्षणात विरघळला असता तर एवढाच फरक दिसला असता. नुसतं सर्वात कमी वाचन घेतलं तर विरघळण्याच्या दीड-दोन मिनिटांत खोलीने पाण्याला परत दिलेली उष्णता हिशेबाबाहेर राहते. सात अंशांत ०.३ अंश म्हणजे चार टक्क्यांहून जास्त चूक, तीही फुकटची.

मुंबईतली खास अडचण: दव

जुलैत खोलीत २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन जमायला लागते ते, २५ अंशांच्या थोडा वर असतो. २९ अंशांच्या पाण्यात वरचा नवसागर टाकला की द्रावण २२ ला जातं. स्टीलच्या साध्या पेल्यात प्रयोग केला तर त्याला बाहेरून घाम फुटतो, बर्फाच्या पाण्याच्या तांब्याला फुटतो तसाच. दिसायला ते चार थेंब असतात, पण एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २.४ किलोजूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे ०.१ ग्रॅम दव जमलं की २४० जूल आत शिरले. आपण मोजतोय तीन हजारांच्या आसपास. आठ टक्के तिथेच गेले, आणि वहीत त्यांची कुठे नोंदही नाही.

उपाय सोपा आहे. पाणी खोलीपेक्षा साडेतीन अंश गरम घेऊन सुरुवात करा. खोली २९ असेल तर पाणी ३२.५ ला. शेवट २५.५ च्या आसपास होईल, दवबिंदूच्या वर. शिवाय प्रयोगाचा पहिला भाग खोलीपेक्षा गरम आणि दुसरा खोलीपेक्षा गार असल्याने गेलेली आणि आलेली उष्णता बऱ्याच अंशी एकमेकींना फेडतात. आलेखातल्या दोन्ही रेषा जवळपास आडव्या येतात, मग मागे वाढवतानाही चूक कमी होते.

हिशेब

समजा आलेखावरून सुरुवात ३२.५, शेवट २५.५, बदल ७.० अंश आला.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे सूत्रात क्षाराचं वस्तुमान घालणं: १०.७ × ४.१८ × ७.० = ३१३ जूल, म्हणजे मोलला १.६ किलोजूल. उत्तर एक दशमांश येतं. गार कोण झालं? पेल्यातलं पाणी. मग वस्तुमानही त्याचंच.

पुढचा प्रश्न, नुसतं पाणी धरायचं की सगळं द्रावण? वर्गात बहुधा द्रावणाचं पूर्ण वस्तुमान आणि पाण्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, वरचे ४.१८) घ्यायला सांगतात. तसं केलं तर ११०.७ × ४.१८ × ७.० = ३२३९ जूल, पेल्याचे १९ × ७ = १३३ मिळवून ३३७२. भागिले ०.२ मोल, उत्तर १६.९ किलोजूल. पुस्तकातली किंमत १४.८ आहे. एवढी काळजी घेऊनही चौदा टक्के जास्त!

दोष प्रयोगात नाही. या द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता ४.१८ नाहीच, ती ३.७ च्या आसपास आहे. आयनांभोवती जखडलेले पाण्याचे रेणू मोकळ्या पाण्याइतकी उष्णता धरत नाहीत. म्हणून पातळ क्षार-द्रावणात ११०.७ ग्रॅम द्रावण जवळपास १०० ग्रॅम पाण्याइतकीच उष्णता धरतं. तेव्हा नुसतं पाणी घेतलं तर १०० × ४.१८ × ७.० = २९२६, अधिक १३३, एकूण ३०५९ जूल. यातले सुमारे ५९ जूल २९ अंशांचा क्षार ३२.५ पर्यंत तापवण्यात गेले (१०.७ ग्रॅम × १.५७ × ३.५, इथे १.५७ ही कोरड्या नवसागराची उष्माधारकता). उरले ३०००. भागिले ०.२ मोल, मोलला १५.० किलोजूल. पुस्तकातला आकडा २५ अंशांना, अतिशय विरल द्रावणासाठी असतो. तेव्हा १५.० हे फार चांगलं उत्तर आहे.

परीक्षेत जी पद्धत शिकवली तीच लिहा, गुण तिला आहेत. पण कोणतं वस्तुमान आणि कोणती उष्माधारकता धरली हे शब्दांत नोंदवा. नोंद असेल तर उत्तर कुणालाही तपासता येतं.

चिन्ह विसरू नका. पाण्याने उष्णता गमावली, क्षाराने ती घेतली, म्हणून द्रावण उष्मा धन: अधिक १५ किलोजूल प्रति मोल. तापमान खाली गेलं म्हणून वजा लिहिणारे दरवर्षी निघतात.

दुसरे क्षार घेतले तर

१०० ग्रॅम पाण्यात ७.४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडने तापमान चारएक अंश उतरतं. १०.१ ग्रॅम सोऱ्याने सात-साडेसात, पण सोरा गार पाण्यात रेंगाळत विरघळतो, त्याला ढवळायला वेळ द्या. साध्या मिठाचे ११.७ ग्रॅम घातले तरी जेमतेम एक अंश. ०.१ अंशाच्या तापमापीने त्यावरून आकडा काढणं म्हणजे अंदाजपंचे. मीठ फक्त 'गार होतं की गरम' एवढं दाखवायला घ्या.

कॅल्शिअम क्लोराइड उलट दिशेचं. अनार्द्र, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेल्या, क्षाराचे ५.५५ ग्रॅम पाणी नऊएक अंशांनी तापवतात. पण मुंबईत हा क्षार फार फसवतो. पावसाळ्यात कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या डब्या याच्याच असतात आणि त्यांत पाणी कसं साठतं ते घरोघरी पाहिलेलं असतं. बाटलीचं झाकण दहा मिनिटं उघडं राहिलं तरी तो हवेतून पाणी ओढतो. एका मोलमागे दोन मोल स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) असेल तर ०.०५ मोलचा परिणाम नऊवरून पाचावर येतो, आणि सहा मोल असेल तर तोच क्षार पाणी गार करतो. मे महिन्यात फोडलेली बाटली जुलैत वेगळंच उत्तर देते ती याचमुळे. बाटलीवर 'अनार्द्र' लिहिलंय का 'डायहायड्रेट' (दोन रेणू पाणी असलेला) ते वाचा, दाणे एकमेकांना चिकटलेले असतील तर तो साठा मोजणीला घेऊ नका. आणि एकदम मूठभर टाकू नका, पाणी हात भाजण्याइतकं तापू शकतं.

स्फटिकजलाची उष्णता: हेसचा नियम हातात

सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाट कोणतीही घेतली तरी एकूण उष्णता तेवढीच, हा हेसने १८४० मध्ये मांडलेला नियम पडताळायला एप्सम सॉल्टइतका सोयीचा क्षार नाही. त्यात मॅग्नेशियम सल्फेटला सात रेणू पाणी बांधलेलं असतं. ते बांधताना किती उष्णता सुटते हे थेट मोजणं कठीण, पण दोन विरघळवण्यांतून ते निघतं. दोन्ही वेळा शेवटी हुबेहूब तेच द्रावण तयार झालं पाहिजे, ही अट मात्र पाळायची.

अनार्द्र क्षार ६.० ग्रॅम (०.०५ मोल) आणि पाणी १००.० ग्रॅम. दुसऱ्यांदा एप्सम सॉल्ट १२.३ ग्रॅम (तेही ०.०५ मोल) आणि पाणी ९३.७ ग्रॅम, कारण उरलेले ६.३ ग्रॅम पाणी स्फटिकातूनच येणार आहे. दोन्हीकडे बेरीज १०६.० ग्रॅम.

पहिल्यात तापमान दहाच्या आसपास चढेल, दुसऱ्यात दोन अंशांच्या आत उतरेल. अनार्द्र पूड एका जागी पडली तर तिचा दगडासारखा गोळा होतो आणि तो विरघळतच नाही, म्हणून ढवळता ढवळता भुरभुरा. नवसागरासारखी एकदम ओतू नका. तरीही ती अर्ध्या मिनिटात संपवा, नाहीतर आलेखातली चौथ्या मिनिटाची रेषा फसवी होते. एप्सम सॉल्टच्या दोन अंशांत ०.१ अंशाची चूक पाच टक्क्यांहून मोठी पडते, तेव्हा तो भाग तीनदा करा.

पुस्तकातल्या किमती: अनार्द्रसाठी उणे ९१, एप्सम सॉल्टसाठी अधिक १६. वजाबाकी केली की सात रेणू पाणी बांधताना मोलला १०७ किलोजूल सुटतात. तुमचं उत्तर ९५ च्या खाली आलं तर आधी अनार्द्र बाटलीवर संशय घ्या. तिने आधीच हवेतलं पाणी पिऊन ती उष्णता कपाटातच सोडलेली असते.

सगळं झालं की द्रावणं भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. फक्त नवसागराचं द्रावण ब्लीच टाकलेल्या बेसिनमध्ये किंवा चुन्यावर ओतू नका. ब्लीचशी त्याचा क्लोरामाइन होतो, चुन्याशी अमोनिया, आणि दोन्ही वायू श्वासाला घातक आहेत. पेले फेकून द्या, काचकांडी धुवा, आणि अनार्द्र क्षाराची बाटली हात पुसायच्या आधी बंद करा.